वामकुक्षीचा नियम

टॅला
३ नोव्हेंबर २०२४

जयदीप,

तू माझा नंबर ब्लॉक केलास. मेधाने आधीच केला होता. तुझ्या दारात आलो तर तू साखळी न काढता फटीतून बोललास. तेव्हा पत्र.

मेधा माझी बायको आहे. सप्टेंबरपासून ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, सँट्रीला तुझ्या घरात राहते. का गेली, ते तिने मला सांगितलेलं नाही. मला तिच्याशी एक तास बोलायचं आहे. समोरासमोर. मध्ये तिचा भाऊ उभा आहे.

विनवण्या करणार नाही. प्रस्ताव ठेवतो. टेक्सासच्या जुन्या उठावाचा पट पुन्हा मांडू. लॉकडाउनमध्ये पाच किलोमीटरपलीकडे जाता येत नव्हतं तेव्हा पोस्टाने खेळायचो, तसाच. नेहमीप्रमाणे तू बंडवाले वसाहतकार, मी मेक्सिकोचं सरकार. मी जिंकलो तर मेधाबरोबर एक तास. तू जिंकलास तर तुला हवं ते माग.

नियम पुन्हा लिहितो, कारण हल्ली तुझ्या घरात गोष्टी सोयीने आठवतात. तुझे चिंचोके, माझा राजमा. हल्ला करणाऱ्याने सहा कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितके समोरचे मेले. कवड्या आपापल्या घरी टाकायच्या आणि जे पडेल ते पत्रात लिहायचं. खोटं लिहायचं नाही. सलग दोन चाली पुढे चाललेल्या फौजेने तिसऱ्या चालीत विश्रांती घ्यायची. विश्रांतीत पहारा ठेवायचा तर तीन दाणे बाजूला काढायचे, ते लढत नाहीत. पहारा नसताना हल्ला झाला तर कवड्या न टाकताच फौज गेली. या नियमाला आपण वामकुक्षीचा नियम म्हणायचो. तो तू माझ्यावरून केला होतास. मी तेव्हा हसलो होतो.

बाळू

*

सँट्री
१० नोव्हेंबर २०२४

श्री. बाळकृष्ण यांस,

पत्र मिळालं. मेधाला दाखवलेलं नाही. दाखवणार नाही.

मला काय हवं ते लिहितो. ती हॉस्पिटलच्या लॅबमधून सुटते तेव्हा तू गेटबाहेर उभा असतोस. बोलत नाहीस, अडवत नाहीस. नुसता उभा. ती हल्ली मागच्या दाराने निघते आणि पावसातून वळसा घालून लुआस ट्रॅमला जाते. मी जिंकलो तर ते बंद. कायमचं.

तू जिंकलास तर एक तास. कबूल.

ती का गेली ते माहीत नाही म्हणतोस. तिचा पासपोर्ट तुझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात होता. विचार करायचा तर तिथून सुरुवात कर.

पहिली चाल माझी. गोन्झालेस. गावाला दिलेली तोफ परत मागायला तुझे लोक नदीकाठी आले आहेत. देत नाही. कवड्या टाकल्या, तीन उताण्या. तीन दाणे काढ.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

जयदीप

*

टॅला
१८ नोव्हेंबर २०२४

जयदीप,

श्री. लावलंस. नागपूरला हॉस्टेलवर माझ्या डब्यातलं खाताना नुसतं बाळ्या होतं.

तीन दाणे काढले. पण ती तोफ आमचीच. वसाहतवाल्यांना धाडींपासून बचाव करता यावा म्हणून दिलेली. तिचंच तोंड त्यांनी देणाऱ्याकडे वळवलं. जमीन जवळजवळ फुकट, काही वर्षं कर माफ, बदल्यात एक शपथ. शपथ घेतली, जमीन घेतली, मग उठाव. शिवाय गुलाम हवे होते त्यांना, आणि मेक्सिकोने गुलामगिरी बंद केली होती. तुझ्या शूरवीरांबद्दलची ही एक गोष्ट तू दर हिवाळ्यात विसरतोस.

पासपोर्ट मी सांभाळून ठेवला होता. ती वस्तू कुठेही ठेवते. हरवला असता तर दूतावासाच्या रांगेत कोण उभं राहिलं असतं? मीच.

फुटपाथ सार्वजनिक आहे. मी तिथे उभा राहतो कारण तिला दिसावं की मी आहे. यात भिण्यासारखं काय आहे ते कळव.

चाल: बेहार शहरात पंधरा दाणे. ये.

बाळू

*

सँट्री
१४ डिसेंबर २०२४

बाळू,

आलो. बेहार घेतलं. गल्लीत तोफा होत्या म्हणून रस्ता सोडला आणि घराघरांच्या भिंती फोडत आत गेलो. दोनदा हल्ला: चार उताण्या, मग पाच. उरलेले सहा दाणे शरण. मी त्यांना शस्त्र खाली ठेवून घरी जाऊ दिलं. पुढे हे लक्षात ठेव.

शपथेबद्दल. त्यांनी शपथ एका राज्यघटनेवर घेतली होती. ती घटना तुझ्या सेनापतीने मोडली आणि सगळा कारभार आपल्या मुठीत घेतला. मग शपथ कोणाला बांधलेली राहते? लग्नातही दोघं बोलतात. एकट्याने म्हटलेली सप्तपदी असते का?

गुलामांचं तू म्हणतोस ते खरं आहे. मी विसरत नाही. बोलत नाही.

तुझं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. जो माणूस हे विचारतो त्याला ते कळवता येत नाही.

सहा चिंचोके अलामोत ठेवतो. जुनं ख्रिस्ती मिशन आहे, भिंती जाड आहेत. सोडणार नाही. नाताळामुळे पोस्ट रखडेल. घाई नाही.

जयदीप

*

टॅला
१२ जानेवारी २०२५

जयदीप,

अलामो तू दर वेळी धरतोस. मदत येणार नाही हे पटावर दिसत असतं, तरी धरतोस. भिंत दिसली की तू तिच्यामागे जाऊन उभा राहतोस. फटीतून बोलणारा माणूस.

वेढा घातला. हल्ला. सहाच्या सहा उताण्या. पुन्हा टाकून बघितल्या नाहीत. जे पडलं ते लिहितो आहे. आत कोणी उरलं नाही.

दुसरी फौज किनाऱ्याने वर आणली. सॅन पॅट्रिसिओ, आयरिश लोकांचं गाव. पांढऱ्या ठिपक्यांचे चिंचोके. कोणाच्या बाजूचे ते कवड्यांनी ठरवायचं असं आपण ठेवलं होतं. चार उताण्या. सहातले चार माझ्याकडे आले. खरोखरही तसंच झालं होतं, काही तिकडे, काही इकडे. इथल्याच वेक्सफर्डहून एवढा समुद्र ओलांडून गेलेली माणसं, पण ज्याने जमीन दिली त्याला धरून राहिली. सगळी नाही. काही. तुझ्या घरात हे मोठ्याने वाच.

मंगळवारी मेधा पुढच्या दाराने आली. माझ्याकडे बघितलं आणि सरळ गेली. नवी छत्री होती, हिरवी. कोणी घेऊन दिली?

गेटवरचा गार्ड मला रोज विचारतो, ऑलराइट देअर? मी इथल्या लोकांसारखं ग्रँड म्हणतो, सगळं ठीक असल्यासारखं.

बाळू

*

सँट्री
२ फेब्रुवारी २०२५

बाळू,

अलामो पडलं. सहा उताण्या तू लिहिल्यास, मी मानतो. कवड्यांबाबत तू कधी खोटं बोलला नाहीस. बाकी आयुष्यात हा गुण कुठे ठेवलास ते शोध.

छत्री तिने तिच्या पगारातून घेतली. दुसऱ्या कोणी घेऊन दिली असती तरी तुला विचारायचं कारण नव्हतं.

एक गोष्ट कळवणं भाग आहे. तुझी पत्रं मी स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात, चहाच्या डब्यामागे ठेवत होतो. मेधाला नवा डबा काढायचा होता. तिने सगळी वाचली. पैजही कळली. रडली नाही, भांडली नाही. माझ्याशी बोलणं मात्र बंद केलं. मी माफी मागितली तर उठून गेली. काल जेवणाच्या टेबलाशी, पटासमोर, बराच वेळ उभी होती. मग विचारलं, "दादा, आता कोणाची चाल?" एवढंच.

माझी होती. गोलियाडच्या किल्ल्यातून दहा चिंचोके मागे घेतो, कोलेटोच्या ओढ्याकडे. या वेळी भिंत सोडली आहे. बघ.

जयदीप

*

टॅला
१६ फेब्रुवारी २०२५

जयदीप,

सोडलीस, पण उशिरा. दर वेळी तसंच. ओढ्यापर्यंत पोचायच्या आत उघड्या माळावर गाठलं. पाणी नाही, आडोसा नाही. चार उताण्या. चार मेले, सहा शरण आले.

कैद्यांवर पहारा ठेवायचा तर माझे दाणे अडकतात. मला पुढे जायचं आहे. सहाही मारले. नियमात बसतं. त्यांना वाटलं होतं की शरण गेलो म्हणजे घरी सोडतील. तसं कोणी लिहून दिलं नव्हतं. तू तुझे कैदी सोडलेस ती तुझी हौस.

मेधाने विचारलं, कोणाची चाल. तू ते काहीतरी वाईट घडल्यासारखं लिहितोस. तुला तुझी बहीण कळत नाही. राग असता तर तिने पट उलटा केला असता. ती उभी राहून बघते म्हणजे कोण जिंकतंय ते तिला हवं आहे. मी बारा वर्षं तिच्याबरोबर राहिलो आहे. माझ्या बाजूने पट झुकलेला तिने पाहिला, बरं झालं.

त्या एका तासासाठी शर्ट घेतला. काय बोलायचं ते ठरवलं आहे. बहुतेक मीच बोलेन. तिला सवय आहे.

बाळू

*

सँट्री
९ मार्च २०२५

बाळू,

गोन्झालेस जाळलं. मागे.

सॅन फेलिपे जाळलं. मागे.

नदी ओलांडली. होड्या पलीकडे नेल्या. मागे.

आणखी काही लिहायचं नाही असं ठरलं आहे.

जयदीप

*

टॅला
२३ मार्च २०२५

जयदीप,

तू असा खेळत नाहीस. तुझं एक तरी गाव तू आजवर सोडलं आहेस का? आता स्वतःची गावं जाळतोस आणि चिखलातून पूर्वेकडे पळतोस. त्या लोकांनी खरंच तसं केलं होतं, पण त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता. तुझ्याकडे होता. दोन गावं आणि एक नदी मला न लढता मिळाली. घरात बोलणं बंद असलं की माणूस खचतो, हे मला माहीत आहे. सहा महिने माहीत आहे.

दोन चाली तुझ्या मागे आलो. आता सॅन हॅसिंटो. माझ्या पाठीशी दलदल, समोर गवताचं मैदान, त्यापलीकडे ओकच्या झाडीत तुझे उरलेले सगळे चिंचोके. मोजके आहेत. पुढच्या चालीत संपवतो.

फौज दोन चाली चालली आहे, विश्रांती घेते. पहारा नाही. तीन दाणे कशाला वाया घालवू? तू गेले दोन महिने फक्त पळतो आहेस.

शनिवार किंवा रविवार, मेधाला कुठला बरा पडतो ते विचारून ठेव. जागा मी ठरवीन. आज रविवार आहे. जेवण बाहेरून मागवलं होतं. हे पेटीत टाकून येतो आणि जरा पडतो.

बाळू

*

सँट्री
३० मार्च २०२५

बाळू,

तुझं नाव कागदावर पहिल्यांदाच लिहिते आहे. बारा वर्षं अहो होतं.

चाल: झाडीतून सगळे चिंचोके बाहेर. मैदान ओलांडून तुझ्या छावणीवर. पहारा नाही, म्हणून कवड्या टाकाव्या लागल्या नाहीत. तुझी फौज संपली. पट संपला.

गोलियाडची माघार दादाची होती. त्यानंतरच्या सगळ्या चाली माझ्या. अक्षर त्याचं.

तू एक तास मागितलास. दादाने कबूल केला. मला दोघांनीही विचारलं नाही. आपल्याकडे पटावर बायको लावायची रीत जुनी आहे, पण तिला पट खेळता येतो का, हे कोणी तेव्हाही विचारलं नव्हतं. मला येतो. तुम्ही टॅलाच्या घरात खेळायचात तेव्हा मी तर्रीपोहे आणि चहा आणून ठेवायचे आणि उभी राहायचे. कोणी बस म्हटलं नाही. लॉकडाउनमध्ये तुझी पत्रं हिरव्या पेटीत टाकायला मीच जायचे. रविवारी तू जेवून आडवा झालास की मी पटासमोर बसायचे आणि दोन्ही बाजूंनी खेळायचे. मेक्सिको घेतला की पहारा ठेवायचे. तीन दाण्यांनी काही अडत नाही. तू एकदाही ठेवला नाहीस. तू झोपला असताना कोणी काही करेल, हे तुला सुचतच नाही.

मी का गेले ते माहीत नाही म्हणतोस. कशी गेले ते सांगते.

रविवार होता. वांग्याचं भरीत होतं. तू जेवलास, मीठ कमी आहे म्हणालास, आणि पडलास. ड्रॉवरची किल्ली तुझ्या उशीखाली होती. मी उशीचं टोक उचललं. तू कूस बदललीस आणि हात किल्लीवर आला. मी वाट बघितली. हात पुन्हा सरकला. किल्ली काढली, पासपोर्ट घेतला, किल्ली ड्रॉवरलाच ठेवली. बॅगा जिन्याखाली आधीपासून होत्या. तुला त्या आठवडाभर दिसत होत्या, तू विचारलं नाहीस. दार ओढताना आवाज झाला. मी पायरीवर थांबले. तू घोरत होतास. सॅन हॅसिंटोची खरी लढाई वीस मिनिटंही चालली नाही म्हणतात. मलाही तेवढी लागली नाहीत.

तू उठलास तेव्हा आधी चहा मागितला असशील.

वसाहतवाले काही साधू नव्हते, हे तू बरोबर लिहितोस. मीही नाही. गावं जाळताना मला वाईट वाटलं नाही. एक आपलं गाव मी आधीच मागे सोडलं होतं.

तुझं फेब्रुवारीचं पत्र मात्र मी जपून ठेवणार आहे. शरण आलेले सहा मारलेस आणि लिहिलंस, तसं कोणी लिहून दिलं नव्हतं. त्या तासात तू हेच बोलला असतास, वेगळ्या शब्दांत, नवा शर्ट घालून. ऐकून झालं.

हरलास. गेटवर उभं राहायचं नाही. पैज माझी नव्हती, पण जिंकली मी, म्हणून मी सांगते.

मेधा

*

सँट्री
१४ एप्रिल २०२५

बाळ्या,

मेधा इथून गेली. काल. जेवण झालं, मी जरा पडलो. उठलो तेव्हा घरात आवाज नव्हता. आधी वाटलं खाली गेली असेल. मग तिची खोली बघितली. पलंगाची चादर घडी घालून ठेवलेली. टेबलावर सगळे चिंचोके एका वाटीत.

पैज मी लावली होती, हे ती विसरणार नाही, हे मला कळायला हवं होतं. मी समजत होतो की माझं घर तिच्या बाजूचं आहे. तिने त्याचाही हिशोब केला.

नवा पत्ता दिलेला नाही. माझाही नंबर ब्लॉक. हॉस्पिटलात फोन केला तर म्हणाले, स्टाफबद्दल सांगता येत नाही.

तुला तिची सुटायची वेळ माहीत आहे, दोन्ही दारं माहीत आहेत. एकदा जा. लांबून बघ. ठीक आहे की नाही एवढंच मला कळव. पैजेतून मी तुला एका दिवसापुरता सोडतो.

जयदीप

*

टॅला
२० एप्रिल २०२५

जयदीप,

तू मला सोडणारा कोण? जिंकलेली ती आहे.

तिचं पत्र आलं त्या दिवसापासून गेटवर गेलो नाही. हॉस्पिटलचा स्टॉप येतो तेव्हा मी डब्यात मान खाली घालून बसतो आणि पुढे उतरतो. घर लांब पडतं. चालतो. तूही जाऊ नकोस. गेलास तर मला कळेल, असं लिहिणार होतो. कळणार नाही, कारण मी तिथे नसेन. तरी जाऊ नकोस.

ती पायरीवर थांबली होती, हे मला माहीत नव्हतं. दाराचा आवाज मी ऐकला होता. वाटलं, वारा.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तुझाही गेला नसेल. यापुढे पत्र नको. पट घडी करून ठेवला आहे, तुला हवा तर घेऊन जा, मी दार उघडीन.

राजमा काल भिजत घातला. पाच वर्षांचा आहे. इतका जुना शिजत नाही म्हणतात. किती शिट्ट्या घ्यायच्या ते मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नसणार. आज रविवार. जेवायची वेळ टळून गेली. मी झोपलेलो नाही. कुकरसमोर खुर्ची टाकून बसलो आहे.

बाळू